शांबामाम आणि दांड्याचं माप

शांबामामकडून मोटर विकत घेणं सोपं काम नव्हतं. मी पहिल्यांदा पार्शाला, त्यांच्या गावी, गेलो तो रविवार होता. सकाळचे नऊ वाजले होते आणि मला वाटलं होतं, दहापर्यंत मोटर गाडीत टाकून आपण पेडण्याला घरी परत. प्रत्यक्षात ती मोटर हातात पडायला बावीस दिवस लागले. त्या बावीस दिवसांत शांबामामनी मला तीनदा परत पाठवलं, एकदा माझ्या बायकोला बोलावून घेतलं, आणि मी हायस्कुलात गणित शिकवतो हे कळल्यावर माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं.

मोटर म्हणजे मोठं इंजिन नव्हे. लहान होडीच्या मागच्या फळीला अडकवायची, बॅटरीवर चालणारी ट्रोलिंग मोटर. वर हातात धरायची मूठ, तिच्याखाली लांब दांडा आणि दांड्याच्या टोकाला पाण्याखाली फिरणारा पंखा. आवाज जवळजवळ नाही, त्यामुळे मासे बुजत नाहीत. हे दांडे वेगवेगळ्या लांबीचे येतात. कुणाचा अडीच फूट, कुणाचा तीन, कुणाचा त्याहून जास्त. कुठल्या होडीला किती लांबीचा दांडा लावायचा, एवढ्या एका प्रश्नात शांबामामनी आयुष्याची शेवटची बारा वर्षं घालवली.

त्याआधी ते डिचोलीकडे खनिज वाहणाऱ्या बार्जींवर फिटर होते. खाणी बंद पडल्या, बार्जी नदीत नुसत्या उभ्या राहिल्या, तेव्हा ते पार्शाला आपल्या घरी परतले आणि नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर पत्र्याची शेड घालून बसले. शेडला पाटी नव्हती. मी वाटेत एका बाईला मोटारींच्या दुकानाबद्दल विचारलं तर ती म्हणाली, "शांबामामचा? ता दुकान न्हय. थय मागूक जातत. तेंका बरा वाटला तर देतत."

शेडमध्ये एका जुन्या कदेलवर, म्हणजे आमच्याकडच्या खुर्चीवर, एक ठेंगणे गृहस्थ बसले होते. अंगात बनियन, खाली खाकी अर्धी चड्डी, चष्म्याच्या दोन्ही काड्यांना बांधलेला दोरा मानेमागे. मी माझं काम सांगितलं आणि खिशातून कागद काढून त्यांच्या हातात दिला. आदल्या दिवशी मी होडीची व्यवस्थित आकृती काढली होती.

"मागच्या फळीपासून तळापर्यंत अठरा इंच," मी म्हणालो. "पंखा तळाच्या खाली सहा इंच हवा, म्हणजे चोवीस. वर दोन जादा धरलेत. तीस इंची दांडा पुरेल."

त्यांनी कागद सावकाश वाचला. आकृती उलटी करूनही पाहिली.

"मापताना होडी खय होती?"

"अंगणात. दोन बाकांवर ठेवली होती."

"आणि तुमी खय होतात?"

"मी बाहेर. टेप घेऊन."

"सर, गणित बरोबर आसा," ते कागद परत देत म्हणाले. "पण होडी अंगणात मासे पकडूक जाणा नाय. ती पाण्यात घाला. तुमी आत बसा. बॅटरी ठेवा, बर्फाचो डबो ठेवा, जा काय न्हेतास ता सगळा ठेवा. मगे मी येतंय."

मी म्हणालो की एवढ्याशा फरकाने काय बिघडणार. ते उठले, कोपऱ्यातलं पाण्याने भरलेलं निळं पिंप दाखवलं आणि त्याच्या काठाला लावून ठेवलेली मोटर सुरू केली. पंखा खोल होता तेव्हा पिंपातलं पाणी गपगुमान घुसळत होतं. मग त्यांनी दांडा हळूहळू वर ओढला. पंखा पृष्ठभागाच्या जवळ आला तसा भोवरा पडला, गडगड आवाज झाला, पाणी माझ्या शर्टावर उडालं आणि मोटर रिकामीच किंचाळायला लागली.

"बघितलात? पंखो आता पाणी खाणा नाय, वारो खाता," ते म्हणाले. "आवाज मोठो, काम शून्य. पाण्याच्या खाली एक फूट तरी पंखो होयो. नदीच्या मुखाकडे जातास?"

"जातो कधी कधी."

"मगे ल्हारांसाठी आणि अर्धो फूट." ल्हारां म्हणजे लाटा.

"मग सरळ सगळ्यात लांबच द्या की."

"लांब घेतलास तर सुकतीक, पाणी उतरला की, चिखलात रुततलो. वर ओढून घट्ट केलास तर मूठ तुमच्या हनवटीक लागतली. दिवसभर हात वर करून बसतल्यात काय, बस पकडल्यासारखे?"

पुढच्या रविवारी मी होडी नदीत उतरवली, पण बर्फाचा डबा न्यायला विसरलो. त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि माप न घेताच परत गेले. त्याच्या पुढच्या रविवारी डबा होता, पण रिकामा. तिसऱ्या खेपेला डबा भरलेला होता, बॅटरी होती, मी होतो. तेव्हा त्यांनी विचारलं, "वयनी येतत काय मासे मारूक?"

"वर्षातून एकदा येईल."

"त्या एका दिवसासाठी मोटर वेगळी घेतल्यात?"

अशा रीतीने माझी बायको पार्शाला आली. छत्री उघडून ती होडीत बसली. शांबामाम चप्पल काढून गुडघाभर पाण्यात उतरले. त्यांच्याकडे एक लाकडी रीप होती, खुणा पाडलेली. ती फळीला लावून त्यांनी पाण्यापर्यंतचं अंतर घेतलं. मग बायकोला म्हणाले, "वयनी, जरा फुडे सरा. आणि थोड्या. हां." ती पुढे सरकली तशी होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, दबली आणि मागची फळी चक्क दोन इंच वर उचलली गेली. त्यांनी मला रीप दाखवली. फळीपासून पाण्यापर्यंत सोळा, वर एक फूट, वर अर्धा फूट. चौतीस. मला छत्तीस इंची दांडा लागणार होता. मी माझ्या आकृतीचा कागद खिशातच चुरगळला.

त्यानंतर मी मोटर घ्यायला नव्हे, तर नुसताच जाऊन बसू लागलो. शनिवारी शाळा सुटली की स्कूटर पार्शाकडे वळायची. बायको म्हणायची, तुम्हाला मासे कमी आणि शांबामाम जास्त मिळतात. खोटं नव्हतं ते.

त्यांच्या सवयी ठरलेल्या. काम झालं की नारळाच्या सोडणाने आणि कपड्याच्या साबणाने हात कोपरापर्यंत घासायचे. दूध नसलेला चहा पितळेच्या पेल्यातून प्यायचे, आणि सकाळी पदेर, म्हणजे पाववाला, देऊन गेलेल्या पोई नावाच्या पावाचा एक तुकडा त्यात बुडवून खायचे. होडीत कधी चप्पल घालून पाय ठेवला नाही, दुसऱ्यालाही ठेवू दिला नाही. माप घेतलं की होडीच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाने तीन आकडे लिहायचे: रिकामी, भरलेली आणि दांडा. नदीवर आजही कित्येक होड्यांत त्यांचं ते तिरकं अक्षर आहे.

आणि त्यांचं एक वाक्य होतं: "पाण्यात बघूया." कुणी सांगितलं की या निवडणुकीत उभा राहिलेला माणूस फार चांगला आहे, तर शांबामाम म्हणत, पाण्यात बघूया. शेजाऱ्याने आपल्या होणाऱ्या जावयाचं कौतुक केलं, तर तेच. एकदा मामींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, नवीन मसाला घालून सोलकढी केली आणि कशी झाली म्हणून विचारलं. त्यांच्या तोंडून सवयीने तेच निघून गेलं. मामी म्हणाल्या, "पाण्यात कित्याक? वाटयेत बघा." ते मुकाट्याने दोन वाट्या प्यायले.

गंमत म्हणजे एवढं पाण्याबद्दल बोलणाऱ्या या माणसाला पोहता येत नव्हतं. बार्जीवर आयुष्य काढून येत नव्हतं. मी कारण विचारलं तर म्हणाले, "बार्ज बुडतली असा वाटला तर मी तिच्यार चढलंय कित्याक असतंय?"

एका शनिवारी मी तिथे असताना मारुती नावाचा एक तरुण आला. कोल्हापूरकडचा. पेडण्याजवळच्या एका कारखान्यात कामाला होता. गावाकडे धरणाच्या पाण्यात त्याच्या भावाची होडी होती, तिला मोटर हवी होती.

"माप घेतलंय की मामा," तो म्हणाला. "भावानं फोनवर सांगितलंय. छत्तीसचा दांडा द्या."

"होडी पाण्यात होती?"

"पाण्यातच हाय ती. बारा महिनं."

"आत कोण बसला होता?"

हे मारुतीने विचारलंच नव्हतं. शांबामामनी त्याला फोन लावायला सांगितला, तोंड दिसतं तसा. पडद्यावर भाऊ दिसला, मागे पाणी आणि त्यात होडी. होडीतून काय नेता, असं शांबामामनी विचारलं. मासे थोडेच, भाऊ म्हणाला, जास्त करून पलीकडच्या काठावरची वैरण आणतो. किती भारे? सहा. आणि कोण असतं? मी आणि आई.

"मगे भारे घाला," शांबामाम म्हणाले.

"आत्ता?"

"आता नाय तर कधी? माका काय घाई नाय."

भावाने मारुतीकडे पाहिलं, मारुतीने माझ्याकडे. पण पलीकडे माणसं भली होती. अर्ध्या तासात होडीत सहा भारे चढले, त्यांवर त्यांची आई विळा हातात घेऊन बसली, आणि भाऊ मागे बसून टेप पाण्यापर्यंत सोडू लागला. भाऱ्यांनी होडी इतकी दबली होती की फळीपासून पाणी अवघं आठ-नऊ इंच राहिलं होतं.

"तुमच्या धरणात तळाक जुनी झाडा आसत?" शांबामामनी विचारलं.

"बुडकं हायत की. उन्हाळ्यात दिसत्यात."

"मगे छत्तीसचो दांडो थय अडकून मोडतलो. आणि रिती होडी घेवन कधी जातास?"

"जाताना रिकामीच असती."

मग रिकाम्या होडीचंही माप घ्यायचं ठरलं. भारे उतरवले गेले, पण आई काही उतरली नव्हती. ती फोनकडे बघून म्हणाली, "आता हलू का मी, बाबा?"

"जरा थांब गो आये," शांबामाम अगदी मऊ आवाजात म्हणाले. "तुझा वजन धरूचा आसा."

दोन्ही मापांच्या मधलं गणित करून त्यांनी तीस इंची दांडा दिला आणि तो खालीवर कसा करायचा ते मारुतीला चार वेळा करून दाखवलं. मारुती गेल्यावर मी म्हणालो, "मामनू, जगातला कुठलाही दुकानदार छत्तीसचा मागितला तर छत्तीसचा देतो."

ते हसले नाहीत. "मी पण एकदा असोच दिल्लंय," एवढंच म्हणाले आणि हात धुवायला गेले.

ती गोष्ट त्यांनी मला कधीच सांगितली नाही. ती सांगितली पांडूने.

पांडू त्यांचा लहानपणचा दोस्त, एकाच शाळेत शिकलेला. नदीत आणि मुखाकडे मासे मारून जगणारा. मासे पेडण्याच्या बाजारात विकायला बसायची त्याची बायको शेवंती. शांबामाम पार्शाला परतले तेव्हा पांडूचा उजवा खांदा कामातून गेला होता. चाळीस वर्षं वल्ही मारून मारून हात खांद्याच्या वर जाईना. होडी विकून टाकायच्या गोष्टी घरात चालल्या होत्या.

शांबामामनी नुकतंच काम सुरू केलं होतं. शेडमध्ये दोन-तीनच मोटारी होत्या. त्यांतली एक त्यांनी आनंदाने उचलली आणि पांडूच्या होडीला लावून दिली. मापबीप काही घेतलं नाही. पांडूची होडी त्यांनी लहानपणापासून पाहिलेली, त्यात मापायचं काय? दांडा आखूड होता, पण नदीच्या संथ पाण्यात मोटर छान चालली. महिनाभर पांडू एका हाताने मूठ धरून राजासारखा हिंडला.

मग एका दुपारी तो मुखाकडे गेला. नेहमीचा जोडीदार आला नव्हता, म्हणून शेवंती बरोबर होती. ती पुढे जाळ्याजवळ बसली होती. मुखाशी लाट आली. पुढे वजन, त्यात लाटेने मागची बाजू उचलली, आणि पंखा पाण्याबाहेर आला. मोटर किंचाळत राहिली, होडी जागची हलेना. ती आडवी झाली आणि दुसऱ्या लाटेने तिला खडकावर नेऊन घातलं. पांडू उडी मारून खडक धरू शकला. शेवंतीचा हात होडी आणि खडकाच्या मध्ये सापडला. जवळच्या एका होडीने दोघांना बाहेर काढलं. तिचा हात दोन ठिकाणी मोडला होता, होडीचा तळ फाटला होता.

शांबामाम म्हापशाच्या इस्पितळात पोचले तेव्हा शेवंतीच्या हाताला प्लास्टर घालत होते. पांडू बाहेर बाकावर बसला होता.

"ल्हार मोठा होता रे," पांडू म्हणाला. "दैवाची गोष्ट."

"ल्हारा रोज येतत," शांबामाम म्हणाले. "दांडो मी दिलंय. मापूक नाय, आणि दिलंय."

"तू कित्याक असो बोलतंस?"

"खरा ता बोलूक होया. चूक माझी आसा."

शांबामाम संध्याकाळपर्यंत त्याच्या शेजारी बसून राहिले.

चौथ्या दिवशी पहाटे पांडूच्या दारात शांबामाम उभे. कुणाकडून तरी मागून आणलेल्या होडीची वल्ही खांद्यावर, आणि बनियनवर लालभडक लाइफ जॅकेट.

"चल," ते म्हणाले. "जाळी घे. वल्ही मी मारतंय."

"तुका पवाक येणा नाय," पांडू म्हणाला.

"म्हणान तर ह्या घातलंय."

"आणि वल्ही मारूक तरी खय येतत?"

"तू शिकय. तोंडान शिकवूक खांदो लागणा नाय."

बार्जीवर आयुष्य गेलेल्या माणसाने वयाच्या एकसष्टाव्या वर्षी वल्हं हातात धरलं. पहिला आठवडा होडी गोल गोल फिरत होती. एकदा तर ते दोघे निघाले होते पलीकडच्या काठाला आणि पोचले आपल्याच काठाला, थोडे खाली. शांबामामच्या तळहातांना फोड आले, ते फुटले, त्यांवर त्यांनी फडकी बांधली. "अपघातानंतर मी पयल्यांदा हसलंय ता त्या होडीत," पांडू मला म्हणाला. "हो माणूस लाल जॅकेट घालून, डोळे मिटून वल्ही मारी. मी इचारलंय, डोळे कित्याक मिटतंस? तर म्हणता, पाणी दिसला की भय वाटता."

हे दिवाळीपासून शिगम्यापर्यंत, म्हणजे होळीपर्यंत, चाललं. रोज पहाटे. शेड दुपारनंतर उघडायची.

आणि बाजाराचं काय? शेवंतीचा हात गळ्यात बांधलेला. मासे मिळाले तरी ते विकणार कोण? तिच्या जागेवर मामी जाऊन बसल्या. मामींच्या घरातलं कुणी कधी बाजारात मासे विकायला बसलं नव्हतं. लोकांनी येऊन पाहिलं, दोघीतिघींनी तोंडावर पदर धरला. मामींना ना भाव सांगता येई, ना घासाघीस करता येई. कुणी नुसतं तोंड वाकडं केलं की त्या वाट्यात आणखी दोन शेवटे, म्हणजे बोय मासे, टाकत. शेवटी शेवंतीच हात गळ्यात घेऊन त्यांच्या मागे येऊन बसू लागली आणि मागून हळूच सांगू लागली, "नको घालू गो, ती रोज तशीच करता." मामी ते सगळं आठवून अजून हसतात. मात्र ही कल्पना कुणाची, त्यांची की शांबामामची, असं विचारलं तर म्हणतात, "कल्पना कसली? शेवंतीचो हात मोडलेलो न्हय?"

पांडूची होडी दुरुस्त झाली तेव्हा शांबामामनी दुसरी मोटर मागवली. या वेळी होडी पाण्यात घालून, जाळी, टोपल्या, सगळं ठेवून माप घ्यायचं होतं. पांडू मागे बसला. आता पुढे शेवंतीने बसायला हवं होतं. ती काठावर उभी राहिली. प्लास्टर निघालं होतं, पण हात तिने अजून छातीशी धरला होता.

"माका जमूचा नाय," ती म्हणाली.

पांडू चिडला. माप घेण्यापुरतं तर बसायचं आहे, पाणी गुडघाभर आहे, वगैरे बोलू लागला. शांबामामनी त्याला हाताने गप्प केलं.

"वयनी, तुमी हयच उभ्या रवा," ते म्हणाले. "तुमच्या जाग्यार मी बसतंय."

ते पुढे जाऊन बसले. शेवंतीपेक्षा त्यांचं वजन जास्त, तेव्हा मागची फळी आणखीच उचलली गेली. "बरा झाला," ते म्हणाले, आणि रीप पांडूच्या हातात देऊन त्याच्याकडून माप घेववलं. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. नवा, लांब दांडा लावून झाल्यावर म्हणाले, आता मुखाकडे चल. पांडूने त्यांना खूप समजावलं. नदीत बघू, मुखाकडे मी एकटा जाऊन येतो. ते ऐकेनात. ज्या जागेवर शेवंती बसली होती त्याच जागेवर ते बसले, दोन्ही बाजूंच्या कडा घट्ट धरून. शेवंती आणि मामी काठाकाठाने चालत मुखापर्यंत गेल्या.

लाटा आल्या. होडीची मागची बाजू उचलली गेली, खाली आली, पुन्हा उचलली गेली. पंख्याने पाणी सोडलं नाही. पांडूने होडी लाटांत तीनदा वळवून दाखवली. तिसऱ्या वळणाला शांबामाम पुढे वाकले आणि ओकले. पांडू म्हणाला, आता जाऊया परत. ते तोंड पुसून म्हणाले, "आणि एकदा. वयनीक नीट दिसूक नाय."

मोटर असली तरी पुढचे तीन दिवस पांडूबरोबर शांबामामच गेले, वल्ही सोबत घेऊन. चौथ्या दिवशी पहाटे पांडू निघाला तेव्हा ती टोपली घेऊन त्याच्या मागोमाग काठावर आली आणि न विचारता पुढच्या जागेवर जाऊन बसली. त्या पहाटे शांबामाम नेहमीप्रमाणे वल्ही घेऊन आले होते. होडी निघून गेलेली पाहून ते थोडा वेळ काठावर उभे राहिले आणि मग घरी जाऊन झोपले. मामी सांगतात, असे झोपले की दुपारी जेवायला उठवावं लागलं.

त्या दिवसापासून त्यांनी पाण्यात घालून न मापलेल्या होडीला एकही मोटर दिली नाही. एका हॉटेलवाल्याला पर्यटकांच्या होड्यांसाठी एकदम आठ मोटारी हव्या होत्या, सगळ्या सारख्या, दुसऱ्याच दिवशी. शांबामाम म्हणाले, होड्या सारख्या आहेत का? तो म्हणाला, साधारण. ते म्हणाले, साधारण मोटारी माझ्याकडे नाहीत. तो गेल्यावर आपण फार कडक बोललो असं त्यांना वाटत राहिलं. दोन दिवसांनी ते स्वतः बसने त्या हॉटेलवर गेले आणि आठही होड्या मापून, कुठल्या होडीला कुठला दांडा हवा ते त्याला लिहून देऊन आले. त्याने मोटारी दुसरीकडून घेतल्या. शांबामामनी फक्त एवढंच विचारलं, "लिवल्ल्या मापाच्या घेतल्यान मां?"

गेल्या वर्षी त्यांच्या छातीत दुखू लागलं. डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केली. ते मनाई मानत, म्हणजे मामी समोर असल्या की मानत. यंदा फेब्रुवारीत एका दुपारी जेवून ते आडवे झाले ते उठलेच नाहीत. मी गेलो तेव्हा अंगणात पार्शाचे, आगरवाड्याचे, नदीच्या पलीकडचेही होडीवाले उभे होते. पांडू आतून येऊन माझ्या शेजारी उभा राहिला आणि म्हणाला, "सर, माका एकदाय तेका पवाक शिकवूक जमूक नाय." शेड आता बंद आहे. मोटारी मामींनी परत पाठवल्या.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या तीन आठवडे आधी, पेडण्याच्या बसस्टँडवर. मी शाळेत चाललो होतो. म्हापशाची बस लागली होती आणि दाराशी काहीतरी बोलाचाली चालली होती. पाहतो तर शांबामाम. इस्त्रीचा पांढरा शर्ट, लांब पँट, आणि छातीशी धरलेलं माणसाच्या खांद्याएवढं उंच खोकं. कंडक्टर म्हणत होता, मागे डिकीत टाका. ते म्हणत होते, डिकीत दांडा वाकतो.

मी जवळ गेलो. "कुठे निघालात मामनू?"

"तुमच्या गावाक, सर. कारापूर."

कारापूर हे माझं मूळ गाव. तिथे वाळवंटी नदीच्या काठी त्यांचा बार्जीवरचा एक जुना सोबती राहत होता. त्याचे गुडघे गेले होते, चालवत नव्हतं, पण होडीत बसलं की माणूस खुशीत असे. शांबामाम आधी दोनदा जाऊन माप घेऊन आले होते. आज मोटर घेऊन निघाले होते. म्हापशाला बस बदलायची, साखळीला पुन्हा बदलायची.

"मला सांगायचं, मी शनिवारी नेली असती," मी म्हणालो. "तुम्हाला उचलायला मना केलंय ना?"

"शनिवार लांब आसा. आणि तुमी लावताना मूठ उलटी लावतास." मग जरा आवाज खाली आणून म्हणाले, "घरात सांगू नकात. मी दातांच्या डॉक्टराकडे म्हणान इल्लंय."

मी त्यांच्या हातून खोकं घेतलं आणि आत चढवलं. शांबामाम खिडकीजवळ बसले. खोकं उभं मावेना, म्हणून ते आडवं त्यांच्या मांडीवर ठेवलं. ते शेजारच्या बाईच्या मांडीवरही आलं आणि मधली वाट ओलांडून पलीकडच्या सीटवर बसलेल्या कॉलेजच्या मुलीच्या मांडीपर्यंत पोचलं. शांबामामनी दोघींना हात जोडले. बाई म्हणाली, आसूं दी, म्हापशापर्यंत तर जायचं आहे. मुलीने कानातले इअरफोन काढून ठेवले आणि खोक्याचं टोक दोन्ही हातांनी धरलं. आतल्या पंख्याला धक्का लागू नये म्हणून कसं धरायचं, ते शांबामाम तिला वाकून दाखवत होते.

शाळेची घंटा व्हायला आली होती, तरी मी थांबलो. बस सुरू झाली. त्यांनी खिडकीतून माझ्याकडे पाहून हात वर केला, आणि बसला हिसका बसला तसा चटकन खाली घेऊन पुन्हा खोक्यावर ठेवला. बस वळली. वळणावर कुणीतरी मधल्या वाटेतून पुढे यायला निघालं असावं, कारण त्या तिघांनी मिळून ते खोकं उचलून डोक्याच्या वर धरलेलं मला मागच्या काचेतून दिसलं.